बिनकाठीचा वर्ग

मागच्या हिवाळ्यात माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी माझा सत्कार केला. विद्यार्थी म्हणायचे एवढेच. सगळे कारखान्यातून निवृत्त झालेले, कोणाचा गुडघा बदललेला, कोणाला कमी ऐकू येतं. भिलाईच्या एका सेक्टरात, छोट्याशा सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला, आणि मग दोघांनी मिळून कापडात गुंडाळलेली एक वस्तू माझ्या मांडीवर ठेवली. कापड काढलं तर लाकडी फळी, माझ्या वर्गातल्या जुन्या फळीची नव्याने केलेली नक्कल. तिच्यावर चार ओळींत खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला पितळेचा एकेक गोल बिल्ला टांगलेला.

भाषण केलं ते वर्गातल्या एका क्रेन ऑपरेटरच्या मुलाने. तोही पुढे बापासारखा क्रेनवरच चढला आणि तिथूनच निवृत्त झाला. त्याचं घर मूळचं गोंदियाकडचं, शेतीतून आलेलं, त्यामुळे माझ्याशी तो अजूनही घरच्या बोलीत बोलतो. माईकवर मात्र हिंदीत बोलला. तो म्हणाला, की ज्या काळात प्रत्येक गुरुजीच्या टेबलावर छडी असायची, त्या काळात आमच्या गुरुजींनी आमच्यावर एकदाही हात उचलला नाही. आम्हाला शिस्त लागली ती या बिल्ल्यांनी. टाळ्या पडल्या. मी हात जोडले. तुम्हीच गुणी होतात, असं काहीतरी पुटपुटलो.

ती फळी आता आमच्या बैठकीत टांगलेली आहे. सुनेने हौसेने टांगली. पाहुणे आले की नातू त्यांना तिची गोष्ट सांगतो. माझी खुर्ची समोरच असल्यामुळे मला ती दिवसभर दिसते. त्या दिवशी जे सांगितलं गेलं ते खोटं नव्हतं. मी मुलांना मारलं नाही हे खरं आहे. पण माझ्या वर्गात छडी होती. ती कोणाच्या हातात होती आणि कोणावर पडली, हे सांगायचं राहून गेलं आहे. ते सांगणारा आता मीच उरलो आहे असं मला वाटत होतं. तेही खरं नव्हतं, पण ते शेवटी येईल.

मी दुर्गचा. वडील रेल्वेत पॉइंट्समन, नागपूरकडून बदली होऊन आलेले. मी रेल्वेच्या शाळेत शिकलो आणि तिथे भरपूर मार खाल्ला. माझ्या डाव्या हाताचा अंगठा आजही पूर्ण वळत नाही, तो रुळाच्या माराने. म्हणजे रेल्वेच्या नव्हे, लाकडी रुळाच्या. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की आपण मास्तर झालो तर मारायचं नाही. नागपूरला शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं, परत आलो, आणि नव्याने उघडलेल्या शाळेत तिसरीचा वर्ग मिळाला.

कारखाना तेव्हा उभा राहत होता. आज जिथे रुंद रस्ते आणि गुलमोहर आहेत तिथे लाल मुरूम, खड्डे आणि ट्रक होते. शाळा एका पत्र्याच्या बराकीत भरायची. बराकीचे बांबूच्या तट्ट्या लावून दोन भाग केलेले, अलीकडे माझा वर्ग आणि पलीकडे एका बाईंचा. माझ्या वर्गात आंध्रातली मुलं होती, बंगालची, पंजाबची, मल्याळी, आपल्या भंडारा-गोंदियाकडची, आणि जवळपासच्या खेड्यांतली छत्तीसगढी मुलं. या शेवटच्यांची खेडी कारखान्याच्या जागेत गेली होती. शिकवायचं हिंदीत, आणि निम्म्या वर्गाला हिंदी येत नव्हती. एकाला बसायला सांगितलं की दुसरा उठायचा. दोघांची मारामारी कशावरून लागली हे त्या दोघांना एकमेकांना सांगता येत नसे, म्हणून ती लवकर मिटतही नसे. हेडमास्तरांनी एकदा येऊन पाहिलं आणि काही न बोलता माझ्या टेबलावर छडी ठेवून गेले. मी ती कपाटामागे टाकली. या एका गोष्टीबद्दल मी आजही स्वतःला दोष देत नाही.

तट्टीपलीकडे मात्र शांतता असायची. बाई वर्ध्याकडच्या, विधवा, माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठ्या, फक्त व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी, झालेल्या. त्यांच्याकडेही छडी नव्हती. सकाळी त्या दाराशी उभ्या राहायच्या आणि आत येणाऱ्या प्रत्येक पोराला त्याच्या नावाने हाक मारून काहीतरी विचारायच्या. पायाचा काटा निघाला का, बापाची नाईट संपली का, असलंच काही. वर्गात गलका वाढला की त्या आवाज खाली आणायच्या, इतका खाली की ऐकायला पोरांना गप्प बसावं लागे. बाहेर मैदानात न्यायचं असेल तर आधी पोरांकडूनच वदवून घ्यायच्या, की बाहेर गेल्यावर आपण काय करणार आहोत. सगळ्यात दांडगट पोराकडे पाण्याच्या माठाची राखण. तो दिवसभर माठाच्या काळजीत.

हे सगळं मला तट्टीतून ऐकू यायचं. ऐकूनही मी त्यातलं काही घेतलं नाही. मला वाटे हा बाईमाणसाचा सोशिकपणा आहे, ही काही पद्धत नव्हे. मी प्रशिक्षण घेतलेला मास्तर होतो. मला पद्धत हवी होती, जी माझी असेल, भिंतीवर दिसेल आणि कोणी तपासायला आलं तर दाखवता येईल.

ती मला वडिलांच्या नोकरीतून सुचली. तेव्हा एकेरी लाइनवर ड्रायव्हरला टोकन मिळाल्याशिवाय गाडी हलत नसे. कारखान्यातही गेटवर प्रत्येक कामगाराचा नंबर घातलेला बिल्ला असे. आत जाताना घ्यायचा, बाहेर येताना टांगायचा. मी तुपाच्या डब्यांचा पत्रा कापून बिल्ले केले, त्यांच्यावर खिळ्याने नंबर ठोकले आणि एका फळीवर टांगले. वर्गाच्या चार रांगांना नावं दिली ए शिफ्ट, बी शिफ्ट, सी शिफ्ट आणि जनरल. मुलं खूश झाली. त्यांच्या घरात सकाळ-संध्याकाळ हेच शब्द असायचे. मी त्यांना नंबरानेच हाका मारू लागलो. इतक्या मुलखांची नावं माझ्या जिभेवर नीट येतही नव्हती, त्यामुळे तीही सोय झाली.

नियम सोपा होता. जो मुलगा मध्येच बोलेल, मारामारी करेल, सुटीआधी जागेवरून उठेल, त्याचा बिल्ला फळीवरून काढून डब्यात टाकायचा. आणि कारखान्यात जसं एकाच्या चुकीने अख्ख्या गँगचं काम अडतं, तसं इथेही रांगेतला एक बिल्ला जरी खाली आला तरी त्या रांगेचा तो दिवस वाया. ज्या रांगेचे सगळे बिल्ले टिकले तिला खडूची एक रेघ. महिन्यात सगळ्यात जास्त रेघा मिळवणाऱ्या रांगेला हेडमास्तर कारखान्याच्या बसमधून आत, भट्टी दाखवायला नेणार.

या बक्षिसाचं मोल आज कोणाला सांगून कळणार नाही. त्या मुलांचे बाप रोज त्या गेटातून आत जायचे आणि मुलांसाठी तिथेच संपायचे. आत काय आहे, बाप तिथे काय करतो, हे कोणी पाहिलं नव्हतं. क्रेन ऑपरेटरचा मुलगा तर शपथेवर सांगायचा, की त्याच्या बापाची क्रेन एवढी उंच आहे की वरून दुर्ग स्टेशन दिसतं.

वर्ग शांत झाला. मी काही न बोलता फळीकडे नुसतं पाहिलं तरी चाळीस डोकी वहीत वाकायची. हेडमास्तर पुन्हा आले आणि दाराशी बराच वेळ उभे राहिले. पुढे वरून एक अधिकारी आले. त्यांनी फळी बघितली, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि असले मास्तर हवेत असं हेडमास्तरांना म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना मी सायकल चालवत होतो की उडवत होतो, कोण जाणे.

बी शिफ्टला मात्र रेघ मिळत नव्हती. त्या रांगेत एक छत्तीसगढी मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची. आई कारखान्याच्या जागेवर रेजा, म्हणजे माती वाहणारी मजूर. मुलगी हुशार होती, पाढे तिला ऐकून ऐकून यायचे. पण दुपारी बाराचा भोंगा झाला की ती उठायची आणि दाराबाहेर जायची. विचारायची नाही, सांगायची नाही. आमची सुटी त्यानंतर बऱ्याच वेळाने असे. सुटी संपता संपता ती घामाघूम होऊन परत यायची आणि पाटी घेऊन बसायची. तोवर तिचा बिल्ला डब्यात आणि बी शिफ्टचा दिवस बुडालेला.

मी तिला रागावलो नाही. मी रागावत नसेच. मी फक्त तिच्यादेखत बिल्ला काढायचो आणि बाकीच्या रांगेकडे दुःखी चेहऱ्याने पाहायचो. बाकीचं काम रांग करायची.

रांगेने तिचं नाव भोंगा ठेवलं. तिची पाटी लपायची. तिच्या शेजारी कोणी बसेनासं झालं. क्रेन ऑपरेटरचा मुलगा रांगेचा पुढारी होता. मी विचारलं की तो सांगायचा, "सर, आमी तिले समजावून राहिलो." मला बरं वाटायचं. मुलं मुलांना सुधारताहेत, मास्तरला बोट उचलावं लागत नाही, याहून अधिक काय पाहिजे असं मी हेडमास्तरांना सांगितल्याचंही आठवतं.

ती कुठे जाते हे मला माहीत नव्हतं, असं लिहिलं तर सोपं जाईल. सुरुवातीला खरंच माहीत नव्हतं. मग बाईंनी सांगितलं. एका दुपारी सुटीत आम्ही दोघं बराकीच्या सावलीत डबा खात होतो.

"भाऊ, ते पोट्टी बाराले कुठं जाते, माहीत हाये का तुमाले?"

मी म्हणालो, भटकत असेल.

बाईंनी सांगितलं, की तिला तान्हा भाऊ आहे. शाळेमागच्या मजुरांच्या झोपड्यांत आजीपाशी असतो. आजीला दिसत नाही. भोंगा झाला की मातीकाम थांबतं आणि रेजांना तेवढाच वेळ मिळतो. मुलगी पळत झोपडीत जाते, बाळाला कडेवर घेऊन कामावर नेते, आई त्याला पाजते, मुलगी त्याला परत आजीपाशी ठेवून शाळेत येते. दुसरी काही सोय नाही. तेवढ्यात आईने झोपडीपर्यंत येऊन जायचं म्हटलं तर मुकादम दुसऱ्या दिवशी काम देणार नाही.

"तिले दाराजवळ बसवा," बाई म्हणाल्या. "भोंगा झाला का जाऊ द्या. टोकन-बिकन काढू नोका. येते ते परत."

मी म्हणालो, एकीला सूट दिली तर बाकीचे काय म्हणतील.

"बाकीच्यायले सांगा ना तिचं काम काय हाये ते. लेकरायले समजते." आणि मग म्हणाल्या, "नाही जमत तर माझ्या वर्गात देऊन टाका."

हे मला लागलं. माझ्या शांत वर्गातलं एक मूल मला आवरलं नाही म्हणून तट्टीपलीकडे द्यायचं, तेही व्हर्नाक्युलर फायनलवाल्या बाईंकडे. मी जरा तोडूनच म्हणालो, की बाई, तुमच्या वर्गात काही नियमच नाहीत.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "हायेत न भाऊ. फक्त टांगले नाहीत."

मी मुलगी दिली नाही. तिला दाराजवळही बसवलं नाही. वर्गाला तिचं काम सांगितलं नाही. यांतली एकही गोष्ट अवघड नव्हती. सुटी अलीकडे आणून भोंग्याच्या वेळेवर करणं हेही हेडमास्तरांच्या एका होकाराचं काम होतं, आणि ते तेव्हा माझं सगळं ऐकत होते. पण मग फळी चुकली असं झालं असतं. आणि फळी पाहायला शेजारच्या जामुल गावच्या शाळेतले मास्तर येणार होते.

महिना संपत आला तसं बी शिफ्टमधलं वातावरण तापलं. एके दिवशी मी तिला उभं केलं आणि शक्य तितक्या गोडीने विचारलं, की तुझ्या रांगेला भट्टी पाहायची आहे, तुला नाही का पाहावीशी वाटत? ती खाली बघून म्हणाली, "उहाँ त हमर घर रहिस." तिथे तर आमचं घर होतं. मुलं हसली, कारण भट्टीत घर कसं असेल. मी हसलो नाही, पण त्यांना थांबवलंही नाही.

त्याच दिवशी भोंगा झाला आणि ती उठली नाही. पाटीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसून राहिली. तिची नजर दाराकडे होती. भोंग्याचा आवाज विरला, मग दूरच्या यंत्रांचा आवाज थांबला, आणि ती बसूनच होती. मी धडा थांबवला. शाबास म्हणालो. मुलांना म्हणालो, तिच्यासाठी टाळ्या वाजवा. चाळीस मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि पाटी लपवणारी मुलं सगळ्यात जोरात वाजवत होती. एका लेकराला उपाशी ठेवल्याबद्दल त्याच्या बहिणीला मी टाळ्या मिळवून दिल्या. चांगल्या वागण्याचं लगेच कौतुक करावं असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उठली. टाळ्यांनी तिचं काही भागलं नव्हतं. पण दारात दोन मुलं आधीच जाऊन उभी होती, आणि क्रेन ऑपरेटरचा मुलगा दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून. म्हणजे तीन मुलं सुटीआधी जागेवरून उठली होती. नियमाने तीन बिल्ले खाली यायला हवे होते. मी उभ्याने धडा वाचत होतो. मी वर पाहिलं, तर तो मुलगा माझ्याकडे पाहत होता. मी पुस्तकाचं पान उलटलं आणि वाचत राहिलो.

ती ओरडली नाही, ढकललंही नाही. थोडा वेळ त्यांच्यासमोर उभी राहिली आणि जागेवर येऊन बसली. तीन मुलं परत येऊन बसली. त्या दिवशी मी बी शिफ्टला रेघ दिली. पुढचे काही दिवस दार असंच धरलं गेलं, आणि रेघा वाढत गेल्या.

मग एका सकाळी तिची आई आली. शाळा नुकती भरली होती. बाई दाराशी उभ्या राहून पोरांना आत घेत होत्या, त्यांनीच तिला माझ्या दारापर्यंत आणलं. मागे मुलगी, कडेवर बाळ. आईला ताप होता हे लांबूनही दिसत होतं. लुगड्याचा पदर तिने एका हाताने छातीशी दाबून धरला होता आणि तो ओला होता. दूध साठून गाठी झाल्या होत्या, हे मला नंतर बाईंनी सांगितलं. ती उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. भांडली नाही. तिला वाटत होतं मुलीला मी अडवलं. हळू आवाजात म्हणाली:

"गुरुजी, दू थपरा मार लेतेव, फेर जावन देतेव."

दोन थपडा मारल्या असत्या तरी चाललं असतं गुरुजी, पण तिला जाऊ द्यायचं होतं.

मी तिला खरं सांगितलं नाही, की दार मी धरलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. मी हिंदीत म्हणालो, शाळेला नियम असतात. ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला बहुधा माझं वाक्य समजलं नसेल, किंवा तिने ते मुकादमाकडून इतक्यांदा ऐकलं असेल की त्यात समजण्यासारखं काही राहिलं नसेल. मुलगी आत आली, तिने बाळाला कडेवर तसंच ठेवून हात उंचावून फळीवरचा आपला बिल्ला काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. मला न विचारता. मग त्या गेल्या.

पुढच्या महिन्याचं बक्षीस बी शिफ्टला मिळालं. त्या रांगेत आता बिल्ला खाली आणणारं कोणी उरलं नव्हतं.

बस आली, मुलं चढली, मीही गेलो. गेटातून आत शिरताना मुलं गप्प झाली होती, इतकी की माझ्या फळीनेही ती कधी केली नव्हती. भट्टी अजून पुरती उभी राहायची होती, चहूकडे लोखंडाचे सांगाडे होते. पलीकडच्या बाजूला मातीकाम चाललं होतं. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायकांची रांग उतारावरून चढत होती. खड्ड्याच्या काठाला मातीच्या ढिगाआड आमची मुलगी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. एक मुलगा खिडकीतून ओरडला, "सर, भोंगा." सगळी त्या बाजूला धावली. कोणीतरी तिला हात केला. तिने पाहिलं की नाही मला ठाऊक नाही, कारण मी तोवर सगळ्यांना दुसऱ्या बाजूची चिमणी दाखवायला लागलो होतो. नीट जागेवर बसा म्हणालो. सगळी बसली. फार शिस्तीची मुलं होती.

बाई त्यानंतर एका रविवारी मजुरांच्या झोपड्यांत गेल्या होत्या. मुलीला आपल्या वर्गात घ्यायचं ठरवून गेल्या होत्या. तोवर ती टोळी दुसऱ्या कामावर हलली होती. रसमडा गावाकडे, कोणी म्हणालं. परत येऊन बाईंनी मला तेवढंच सांगितलं, वर एक शब्द नाही. मला त्यांनी बोलायला हवं होतं. त्यांच्या पोरांना त्या कधी टाकून बोलत नसत, आणि मलाही बोलल्या नाहीत.

फळी मी पुढच्या वर्षी काढली. का काढली ते कोणाला सांगितलं नाही. हळूहळू मी बाईंसारखंच करायला लागलो. दाराशी उभं राहणं, आवाज खाली आणणं, आधी सांगणं, काम देणं. ते जमायला मला काही वर्षं लागली, आणि ते जमलं तेव्हा लोक त्याला माझी पद्धत म्हणू लागले. पुढे मी नव्या मास्तरांना ती शिकवली. बाईंचं नाव घेतलं नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाळेत चहा झाला होता. त्यांचे विद्यार्थी कधी जमले नाहीत, कधी फळी घेऊन आले नाहीत. आणणार काय? त्यांच्या वर्गात भिंतीवर काही नव्हतंच. आणि ज्या मुलाला कोणी दुखावलं नाही त्याच्या लक्षात काय राहणार?

आता सत्कारातल्या फळीबद्दल. पहिल्याच आठवड्यात माझ्या ध्यानात आलं, की बी शिफ्टच्या ओळीत एक खिळा कमी आहे. बाकी तिन्ही ओळी सारख्या. मला वाटलं सुताराची चूक. बरेच दिवस तसंच समजून घेतलं. शेवटी एका दुपारी मी क्रेन ऑपरेटरच्या मुलाला फोन केला आणि इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, की बी शिफ्टात एक खिळा कमी कसा.

 

"दिसलं का सर तुमाले," तो म्हणाला. "मीच सांगतलं होतं सुताराले. तिनं आपला बिल्ला काढून देल्ला होता न. मंग कसा टांगावं?"

मी म्हणालो, मला वाटलं तुला आठवत नसेल.

"दार मीच धरलं होतं सर. आठवण नाही राहीन?" मग थांबून म्हणाला, "तवा मी तुमच्याकडं पाह्यलं होतं. तुमी रागावसान म्हणून. तुमी पान पलटवलं. मले वाटलं, तुमाले हेच पाहिजे."

मी त्याला विचारलं, मग भाषणात तसं का बोललास?

"लोकं बसले होते सर. अन् तुमी बी तं हात जोडले."

 त्याने मग सांगितलं, की नोकरीला लागल्यावर रसमड्याकडे दोन-तीनदा जाऊन त्याने विचारपूस केली होती. पण विचारणार कसं? तिचं नाव त्याला आठवत नव्हतं. रांगेने तिला ते एकच नाव ठेवलं होतं, ते घेऊन कोणाच्या दारात उभं राहणार. "तुमाले तं माहीत असन सर," तो म्हणाला. "हजेरी तुमी घेत होते."

हजेरी मी घेत होतो. मी नंबर पुकारायचो. तिचं नाव बाईंना माहीत होतं, सकाळी दाराशी त्या तिलाही हाक मारायच्या, माझ्या वर्गातली असून. मला ती हाक आठवते, तिचा सूर आठवतो. नाव आठवत नाही. त्याला मी तसं सांगितलं. तो बरं म्हणाला, तब्येत सांभाळा म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.

बी शिफ्ट, चार नंबर. माझ्याकडे तिचं एवढंच आहे.